आलुबुखाराचं त्रेचाळिसावं वर्ष

काचेचं बूच — अंगठ्याच्या पेराएवढं, कडेनं खरखरीत घासलेलं — फ्लास्कच्या मानेतून फिरवत काढताना होणारा तो बारीक, दातांत शिरशिरी आणणारा आवाज अजून तसाच होता. आवाजापाठोपाठ पूर्वी वास यायचा, आता येत नव्हता, एवढाच फरक. कोमट वाफ तिच्या वरच्या ओठावर येऊन बसली. वाफेची ऊब कळली, ओल कळली, नाकाच्या शेंड्यावर एक थेंब धरला तोही कळला... आणि त्यापलीकडे काही नाही. भिंत असती तर तिला निदान भिंत म्हणता आलं असतं. तिथं भिंतही नव्हती.

शहराच्या पाण्याचे नमुने रोज सकाळी प्रयोगशाळेत येत, साठ अंशांवर तापवले जात, आणि तीन माणसं तीन लाकडी आडोशांमागे बसून ते हुंगत. बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही, आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं: वास कसला, किती. एकवीस वर्षं ती मधल्या खुर्चीवर बसत आली होती. यंत्राला लागायच्या आधी बाईंच्या नाकाला लागतं, असं साहेब नव्या माणसांना सांगत. साहेबांना मागं सगळे ‘थर्मामीटर’ म्हणत, कारण राग आला की त्यांच्या मानेवर कॉलरपासून लाली चढत जाई आणि ती कुठवर आली ते बघून लोक बोलायचं की गप्प बसायचं ते ठरवत.

हिवाळ्यात चार दिवस ताप आला, आणि जाताना तो तिचं नाक घेऊन गेला. पहिले आठ दिवस तिला सर्दी वाटली. मग एका सकाळी गॅसवर दूध जळत होतं आणि ती त्याच्याकडे पाठ करून शांतपणे वर्तमानपत्र वाचत होती. धूर डोळ्यांत गेला तेव्हा कळलं. घरी एकटीच, त्यामुळे कुणाला कळण्याचं कारण नव्हतं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीतर येणारही नाही. प्रयोगशाळेत तिनं सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू... आणि मग तिला युक्ती सापडली. समोरच्या कपाटाच्या काचेत डावीकडच्या खुर्चीवरची मुलगी दिसे. तिला सगळे ‘नवी’ म्हणत, तीन वर्षं झाली तरी. नवीला वास आला की तिची डावी भुवई किंचित उचले. वाईट असला की ती आवंढा गिळे. तीन महिने ती नवीच्या भुवईवर शहराचं पाणी पास-नापास करत होती.

आज शनिवार, अर्धा दिवस. आणि आज कपाटाची काच पुसायला काढून ठेवलेली होती.

तिनं फ्लास्क हलवला, बूच काढलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि लिहिलं: ‘वास नाही’. तिसऱ्या खुर्चीवरच्यानं नेहमीप्रमाणे तेच लिहिलं. तो आडोशाआडून वाकून बाईंचं बघूनच लिहायचा. नवीनं लिहिलं होतं: ‘मातकट. पुसट, पण आहे.’ साहेबांनी तिन्ही चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या हातात धरल्या.

“बाईंना नाही आला?”

“नाही,” ती म्हणाली.

“मग नाहीच.” ते नवीकडे वळले. “तुला सर्दी असेल.”

 नवीनं चिठ्ठी परत मागून घेतली, स्वतःचं अक्षर नीट एका रेघेत खोडलं, आणि त्याखाली लिहिलं: ‘वास नाही’. खोडताना तिनं क्षणभर बाईंकडे बघितलं — रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती शिकणाऱ्या माणसाच्या नजरेनं बघत होती: माझं काय चुकलं?

तिथपासून बाबांच्या घरापर्यंत चालत पंचवीस मिनिटं. रस्ता कोरडा होता, ऊन होतं, दुकानांची दारं उघडी होती, आणि कुठल्याही दारातून काही येत नव्हतं. वास नसलेल्या रस्त्यावर चालणं म्हणजे चित्रातल्या रस्त्यावर चालणं, असं तिला अलीकडे वाटे. सगळं दिसतं पण आपण त्यात नसतो. मुळात नाकाचं कौतुक झालं तेही विचित्रच. लहानपणी बाबा तिला ‘नकटी’ म्हणत, कारण नाक खरंच बसकं होतं. आणि त्याच नकटीला माडीवर बसून तळघरातली कुठली बाटली गळते आहे ते सांगता येई. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं आत्या म्हणायची, आणि बाबा म्हणायचे, लग्नाचं लग्नाच्या वेळी बघू, आधी नकटीला तळघरात पाठवा.

बाबा दारातच उभे होते. शिंपीकाम सोडून बारा वर्षं झाली तरी मापाची टेप गळ्यात होतीच. त्याशिवाय मान थंड पडते म्हणत.

“उशीर केलास.”

“काम होतं.”

“पाणी बिघडलं वाटतं?”

“नाही,” ती म्हणाली. “पाणी ठीक आहे.”

तळघराचा जिना कपडे कापायच्या मोठ्या टेबलामागून उतरत असे: अरुंद, दगडी, मध्येच एक वळण घेणारा. खाली फळ्यांवर बाटल्या आडव्या निजवलेल्या. बाबा हे सगळं स्वतः करत — सफरचंदाची, काळ्या द्राक्षांची, आल्याची. जवाची बिअर, हलकी आणि गडद. एका उन्हाळ्यात बिअरच्या बाटल्या भर दुपारी एकामागून एक फुटल्या होत्या आणि वर गिऱ्हाईक कोटाची बाही घालून बघत होतं. बाबा टाचण्या तोंडात धरूनच म्हणाले होते, घाबरू नका, खाली पाहुणे जेवताहेत. हसण्यासारख्या कितीतरी गोष्टी त्या तळघरात झाल्या होत्या. पण फळीच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात आलुबुखाराची वाइन होती, आणि तिच्याबद्दल कधी कुणी विनोद केला नाही. ती त्या वर्षीची होती.

त्या वर्षी उन्हाळ्यात आई निघून गेली. का गेली ते बाबांनी एकाच वाक्यात सांगितलं होतं: तिला इथं राहवत नव्हतं. मुलगी तेव्हा चार वर्षांची. गेली ती गेली, वळून बघितलं नाही, साधा कोटसुद्धा नेला नाही, आणि तो कोट पुढं कसरीनं खाल्ला म्हणून फेकून दिला. आईबद्दल बाबा बोलले ते एवढंच. त्या पानगळीत बाबांनी परसातल्या झाडाचे सगळे आलुबुखार उतरवून एक मोठं पिंप भरलं होतं, आणि पुढं दरवर्षी एका शनिवारी दुपारी त्यातली एक बाटली उघडायची, एवढाच काय तो त्या घरातला नेम. ती सोळा वर्षांची झाली तेव्हा तिला पहिला पेला मिळाला. ती जे सांगे ते बाबा मापांच्या जुन्या वहीत लिहून ठेवत, छाती-कंबर-बाहीच्या छापील रकान्यांतून. बारावं वर्ष: साल, शाई, लोखंडी कुलूप. विसावं: मध, मेण. एकतिसावं: तंबाखूचं सुकं पान, जुनी पेटी. पस्तिसाव्या वर्षी बाबांनी पेला खाली ठेवला आणि सरळ सांगून टाकलं, नकटे, मला आता नुसतं आंबट आणि गोड कळतं, बाकी गेलं. यापुढं तूच सांगायचं.

म्हणूनच नाक गेल्याचं तिला त्यांना सांगता येत नव्हतं. त्या म्हाताऱ्याकडे त्या वर्षीचं जे काही उरलं होतं ते तिच्या नाकातून वर्षातून एकदा त्याच्यापर्यंत पोचत असे. आता दोघंही एका बंद दाराच्या एकाच बाजूला उभे होतो — आणि मी त्यांना म्हणणार होते की मला पलीकडचं दिसतंय.

तळघरातल्या लहान टेबलाशी बसून आधी बिअर. यंदाची हलकी, मग दोन वर्षांपूर्वीची गडद. बिअरला अडचण आली नाही. जीभ शाबूत होती. पहिलीचे बुडबुडे टोचरे, शेवटी जिभेच्या मुळाशी कडूपणा. दुसरीचा कडूपणा दोन वर्षांत मवाळ झालेला, पण अंग जाड, जिभेवर रेंगाळणारं. तिनं ते सांगितलं, बाबांनी मान हलवली.

“आणि वास?”

“भाजलेल्या पावाच्या कडेचा,” ती म्हणाली. गडद बिअरला तोच येतो. खोटं बोलणं किती सोपं असतं — त्यासाठी नुसती स्मरणशक्ती लागते.

मग खालच्या कप्प्यातली बाटली. बूच मऊ झालं होतं. बाबांनी ते शिवण उसवावी तशा सबुरीनं काढलं. वाइन विटकरी झाली होती, कडेला जवळजवळ रंगहीन. तिनं पेला नाकाशी नेला, डोळे मिटले. डोळे मिटणं हा तिच्या नाटकातला सर्वांत खरा भाग होता. एक घोट. पातळ, आंबट, मागं थोडा गोडवा, आणि मग तोंडात काही राहिलं नाही.

“मेण आहे अजून,” ती म्हणाली. “तंबाखू. जुनी पेटी.”

बाबांची पेन्सिल हलली नाही. त्यांनी वहीचं पान मागं उलटून बघितलं.

“हे झालं मागचं. यंदाचं सांग.”

तिला काहीतरी म्हणायचं होतं, काहीही. आजूबाजूला फळ्या होत्या, बाटल्या होत्या, भिंतीचा चुना होता. यातलं काही म्हटलं असतं तरी चाललं असतं. तोंड उघडलं आणि आपण काय बोलणार हे बोलून झाल्यावरच तिला कळलं.

“ओली लोकर,” ती म्हणाली. “पावसात भिजलेली. आणि तिच्याखाली डांबरगोळ्या.”

पेन्सिल बाबांच्या हातात होती, नंतर ती टेबलावर होती. मधला भाग तिनं बघितला नाही. बाबा तिच्याकडे बघत होते, गिऱ्हाइकाच्या अंगावर पूर्ण शिवलेला कोट चढल्यावर खांद्यात एक चूक दिसावी तसे.

“तुला कुणी सांगितलं?”

“काय कुणी सांगितलं?”

“आत्यानं सांगितलं. जायच्या आधी. मला वचन दिलं होतं तिनं.”

“बाबा, आत्या मला काही बोलली नाही.”

 बाबा बोलायला लागले, पण तिच्याशी नव्हे, बाटलीशी बोलावं तसे. “तुझी आई आली होती, त्याच पानगळीत. मी इथं बसून ह्याच बाटल्यांना बुचं मारत होतो. वरचं दार उघडंच होतं. बाहेर पाऊस — असा की तिची पावलंसुद्धा ऐकू आली नाहीत. बघितलं तर जिन्याच्या तळाशी उभी. साध्या सुती कपड्यात, नखशिखान्त ओली. म्हणाली, कोट न्यायला आले.”

“मग?”

“पेटीतून काढून आणला. डांबरगोळ्या खिशांतसुद्धा होत्या, त्या काढल्या नाहीत. मीच अंगावर घातला तिच्या, ओल्या कपड्यांवरच. मीच शिवलेला. खांदे बरोबर बसले.” ते थांबले. “मग म्हणाली, तिला एकदा बघू दे. मी म्हटलं, झोपलीय. म्हणाली, झोपलेलीच बघते. मी म्हटलं, नको. उठली तर पुन्हा रडेल, पुन्हा सगळं पहिल्यापासून. नको.”

“आणि ती गेली.”

“कोट घेऊन गेली.”

कसरीनं खाल्लेला कोट. तिला प्रथम तीच गोष्ट टोचली, आई नाही — की बाबांनी कोटाबद्दलसुद्धा खोटं सांगितलं. मोठं खोटं सांभाळायला म्हातारा माणूस शेजारी एक लहान खोटं उभं करून ठेवतो, त्याला पाणी घालतो, आणि त्रेचाळीस वर्षं दोन्ही वाढतात. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथं नाक तिचं बंद झालं होतं आणि तोंड बाबांचं उघडलं होतं. मग तिला एकदम खूप दमल्यासारखं झालं, आणि आता या टेबलावर आणखी एक खोटं ठेवायला जागा नाही असं वाटलं.

“बाबा, मला वास येत नाही.”

“म्हणजे?”

“हिवाळ्यापासून. काहीच नाही. बिअरचा सांगितला तोही खोटा. हे लोकरीचं... मी बनवून सांगितलं. तुम्ही यंदाचं मागत होतात, म्हणून.”

बाबांनी हे ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, दुःखही नाही. ते नुसते हिशेब न जुळणाऱ्या मापाकडे बघावं तसे बघत राहिले.

“मग कोट कुठून आला?”

“शिंप्याच्या घरात वाढले मी. ओल्या फडक्यानं इस्त्री करायचात तुम्ही. लोकरीचा वास डोक्यात असणारच.”

“इस्त्रीखालची लोकर वेगळी आणि पावसातली वेगळी. तूच मला हा फरक शिकवलास, सहा वर्षांची असताना.” ते सावकाश बोलत होते. “आणि डांबरगोळ्या दुकानात कधीच नव्हत्या. गिऱ्हाइकांना वास चालत नाही. त्या फक्त तिच्या पेटीत. ती पेटी मी दुसऱ्या दिवशी देऊन टाकली.”

तिनं पेला बाजूला सरकवला.

“आणि पाणी?” बाबांनी विचारलं.

“काय पाणी?”

“हिवाळ्यापासून वास येत नाही म्हणतेस. मग शहराचं पाणी कोण हुंगतंय?”

तिनं सकाळचं सांगितलं. नवीनं चिठ्ठी खोडली तेही सांगितलं. बाबांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर गुंडाळून ठेवली, दुकान बंद करताना ठेवत तशी. “जा. वर जा आणि फोन कर.”

फोन दुकानाच्या खोलीत. साहेब घरी जेवत असावेत. मागं ताट-वाटीचा आवाज होता.

“सकाळचा नमुना पुन्हा तपासा,” ती म्हणाली. “नवीचं बरोबर आहे.”

“तुम्हाला आता आला वास?”

“मला तीन महिने वास येत नाही. मी तिच्याकडे बघून लिहीत होते.”

पलीकडे वाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मान न दिसताही तिला लाली कुठवर चढली असेल ते दिसलं. “तीन महिने,” साहेब म्हणाले. मग नुसतंच, “मी नवीला बोलावून घेतो. तुमचं सोमवारी बघू,” आणि फोन बंद झाला.

झालं. इतके दिवस आपण ज्याला घाबरलो ते एवढंच असतं, एका वाक्याचं. खुर्ची जाईल, कदाचित नोकरीही जाईल. तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. रस्ता कोरडा ठणठणीत, उन्हात एक मांजर पाय चाटत बसलेलं. डोकं हलकं झालं होतं. आता मी कुणाशीच खोटं बोलत नव्हते. हे किती वर्षांनी, किंवा बहुधा पहिल्यांदाच... ती जिन्याकडे वळली.

वळणावर तिचा पाय थांबला.

प्रथम तिला वाटलं, आपल्याला काहीतरी आठवतंय. तीन महिन्यांत वासांच्या आठवणी तिला पुष्कळ वेळा आल्या होत्या; त्या नेहमी डोक्यात यायच्या, शब्दांसारख्या. हा नाकात आला. जड, खारट, जनावरासारखा, ओला, आणि त्याच्या तळाशी कापणाऱ्या धारेसारखी पांढरी, थंड, डोळ्यांत पाणी आणणारी गोळ्यांची झणझण. तिनं भिंतीला हात लावला. चुना कोरडा होता, हाताला पांढरा लागला. ती एक पायरी वर चढली: काही नाही. उन्हाची खोली, चित्रातली. पुन्हा वळणावर उतरली, आणि तो होताच. कुणी नुकतंच अंगाला घासून वर गेलं असावं, इतका जवळ.

या वळणावरून खालचं सगळं दिसतं आणि खालच्या माणसाला वरचं दिसत नाही. हे तिला ठाऊक होतं. पण उभं राहून दिसत नाही. वरची फळी आड येते. त्यासाठी खाली बसावं लागतं, गुडघे छातीशी घेऊन... म्हणजे चार वर्षांच्या मुलाची उंची व्हावी लागते. ती बसली. दगड थंड होता. हे मला कसं ठाऊक?

खाली बाबा तिच्याकडे पाठ करून बसले होते. तिला वर जाऊन किती वेळ झाला असेल याचा ते विचार करत असावेत, किंवा नसावेत. त्यांनी उरलेल्या वाइनच्या बाटलीत बूच बसवायला घेतलं होतं. लाकडी हातोडीचा हलका ठोका, मग थांबणं, मग ठोका. त्यांच्या खांद्यांची ती हालचाल... केस काळे असतील तेव्हा ती अशीच दिसली असेल. जिन्याच्या तळाशी, त्यांच्या डाव्या हाताला, रिकामी जागा होती. तिथं काही नव्हतं. तिनं नीट बघितलं. काही नव्हतं.

तिनं श्वास धरून ठेवला, सोडला की जाईल या धास्तीनं. मग सोडला, आणि तो गेला नाही. छातीत जात होता, येत होता, आणि वाढत होता, तिनं बोलावलेला नसताना. झोपलीय, असं बाबा त्या दिवशी कुणालातरी म्हणाले होते, आणि त्यांना ते खरं वाटत होतं. मी झोपले नव्हते — हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, हे तिनं बनवलेलंही असू शकेल, सकाळपासून तिनं काय काय बनवलं होतं. पण खरं-खोटं ठरवण्याची जी घाई तिला आयुष्यभर होती ती आता कुठं सापडत नव्हती. हाक मारावी, बाबा, मी इथं आहे, असं म्हणावं... तिनं तोंड उघडलं नाही. ठोका थांबला. बाबांचा हात हवेत राहिला, मान किंचित कलली, काहीतरी ऐकल्यासारखी. आणि गुडघ्यांना मिठी मारून बसलेल्या तिला एकच भीती होती, की ते आता वळून वर बघतील आणि त्यांना इथं कोण दिसेल ते तिला सांगता येणार नाही.